स्कार्नीच्या पाळकाची मिरवणूक

माझ्या कानांचा मला भारी गर्व होता, खोटं कशाला बोलू? मला डोळे बांधून स्कार्नीच्या धक्क्यावर उभं करा आणि कुणीही नुसतं ‘काय, बरंय ना’ म्हणू दे. हा वरच्या आळीचा, ही खालच्या आळीची, आणि हा मेला दोन मैलांवरच्या क्रेगहेवनचा, हे मी तिथल्या तिथे सांगणार. क्रेगहेवनवाले वाक्य संपवताना आवाज असा खाली टाकतात, की वाटतं माशांची पेटीच आपटली. आम्ही नाही टाकत. तर या कानांनी एकदा भर गावात माझं नाक कापलं, त्याची ही गोष्ट.

मी एल्स्पेट फ्लेट. गावातले निम्मे लोक फ्लेटच आहेत, ते सोडा. ही गोष्ट झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि आमच्या चर्चच्या सभासद मंडळीची चिटणीस होते. तीन वर्षं आमच्याकडे पाळक, म्हणजे उपासना चालवणारा धर्मगुरू, नव्हता. शेवटी वरून पत्र आलं, की जूनअखेर पाळक नेमा, नाहीतर स्कार्नीची मंडळी क्रेगहेवनच्या मंडळीत सामील करू आणि इमारत विकून टाकू. ते पत्र वाचून मी दोन दिवस धड जेवले नाही. समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या आमच्या माणसांची नावं त्या चर्चच्या भिंतीवर कोरलेली आहेत. त्यात माझ्या नवऱ्याचं, अ‍ॅलिकचं नाव आहे. ती भिंत कुणा फर्निचरवाल्याच्या दुकानाची मागची बाजू होणार होती.

प्रयत्न केले नव्हते असं नाही. आधी एडिनबराच्या एक बाई येऊन गेल्या. हुशार होत्या, पण बोलणं असं, की प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. त्यांच्यासमोर आमचे बोटवालेसुद्धा खुर्चीच्या टोकावर बसायचे. त्यांनीच आठवड्याभरात नको म्हणून कळवलं. मग लुइस बेटावरचा एक भला गृहस्थ आला. त्याचं बोलणं इतकं मऊ, की अर्धी मंडळी गाढ झोपली. त्यात त्या बेटावरच्या लोकांची सवय, ‘हो’ म्हणताना श्वास आत ओढायचा. म्हाताऱ्या जेसीबाईंना वाटलं याला झटकाच आला. त्यांनी भर दारात त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला, की तो परत आला नाही.

तिसरा होता निनियन रँकिन. निवड समितीचे तिघे दक्षिणेला जाऊन त्याचं प्रवचन ऐकून आले होते. मी पाय मुरगळून घरी पडले होते, त्यामुळे माझा आणि त्याचा संबंध फक्त फोनवर. ‘मी शनिवारी सायंकाळी पाच वाजताच्या बसने येईन, श्रीमती फ्लेट. आपण घेत असलेल्या श्रमांबद्दल मी आभारी आहे.’ असं छापील बोलायचा. पाळक लोक बोलतात तसंच. कुठला आहे याचा पत्ता लागत नव्हता, पण मला त्याच्याशी काय करायचं होतं? रविवारी त्याने उपासना घ्यायची, मंडळीने मत द्यायचं, आणि त्याने हो म्हणायचं. त्याने हो म्हटलं नाही तर जून संपलाच होता.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या भाचीचं लग्न ठरलेलं. लॉर्ना माझ्या भावाची मुलगी, ग्लासगोला नर्स होती. तिथेच तिने एक वायरमन पटकावला, डेकलन हार्किन नावाचा. तो शनिवारी तीनच्या बसने येणार होता. आणि लग्नाआधी नवऱ्या मुलाला काळं करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. धरायचा, बांधायचा, काकवीने माखायचा, वर काजळी, पिसं, पीठ, माशांची आतडी, जे हाताला लागेल ते. मग ट्रकवर चढवून गावभर पातेली बडवत फिरवायचा आणि शेवटी बंदरात बुडवायचा. एवढं सोसलं की संसार सोपा जातो म्हणतात. मला तसा अनुभव नाही, पण मजा येते खरी.

लॉर्नाचा भाऊ डॉड या कामाचा मुकादम. तो तिघा मित्रांना आणि मासळीचा ट्रक घेऊन दोनपासून बसथांब्यावर दबा धरून बसला. नवऱ्या मुलाला त्याने पाहिलं नव्हतं. नाताळात डेकलन येऊन गेला तेव्हा डॉड समुद्रावर होता. ‘उंच आहे, लाल दाढी आहे, आणि तोंड उघडलं की ग्लासगो,’ एवढं लॉर्नाने सांगितलं होतं. तेवढं पुरे होतं, असं डॉडला वाटलं. मलाही वाटलं असतं.

तीनच्या बसमधून एकच परका माणूस उतरला. उंच. लाल दाढी.

साडेतीनला मी ओव्हनमध्ये केक लावला होता, पाळकासाठी. एवढ्यात रस्त्यावर पातेल्यांचा दणदणाट ऐकू आला. आता सांगा, मी काय घरात बसणार? मीही पातेलं घेतलं, पिठाची पिशवी काखेत मारली आणि फाटकापाशी गेले. ट्रक माझ्यासमोरच थांबला. वर खांबाला बांधलेला एक काळा, चिकट, पिसांचा पुतळा होता, त्याचे फक्त डोळे पांढरे होते, आणि तो घसा फोडून ओरडत होता.

‘अहो, कुणीतरी ऐका रे! मी नवरा नाहीये! मी पाळक आहे, पाळक!’

‘हो का? आणि मी पोप!’ डॉड म्हणाला. सगळे खिदळले. सगळेच नवरे असं काहीतरी सांगतात. मागच्या वर्षीचा म्हणाला होता मी इन्कमटॅक्सचा साहेब आहे.

‘ऐका हो बाई! मला एल्स्पेट फ्लेटकडे न्या! तिला विचारा! ती सांगेल!’

मला काय कौतुक वाटलं! लॉर्नाने आत्याचं नाव आधीच सांगून ठेवलेलं दिसतंय, म्हटलं. आणि बोलणं तर काय, ‘ट’ सगळे घशातच गिळलेले. ग्लासगो म्हणजे ग्लासगोच, माझे कान कधी चुकलेत? ‘अरे बाळा, मीच ती एल्स्पेट फ्लेट!’ असं म्हणून मी चाकावर पाय देऊन वर चढले आणि अख्खी पिशवी त्याच्या डोक्यावर उपडी केली.

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. ते डोळे मी अजून विसरलेले नाही.

‘आत्या, शाब्बास!’ डॉड ओरडला आणि ट्रक पुढे गेला. नंतर कळलं की गावाच्या तीन फेऱ्या झाल्यावर पोरांना उत्साह आला आणि ती त्याला क्रेगहेवनलाही दाखवून आली.

मी घरी येऊन हात धुतले, ठेवणीतला ब्लाउज घातला, केक मांडला. पाचची बस आली. दारावर टकटक झाली. दारात उंच, लाल दाढीचा, स्वच्छ माणूस. मी माझा ठेवणीतला आवाज काढला, पाळकांपुढे काढते तो. ‘या, यावं पाळकसाहेब. प्रवास सुखाचा झाला ना?’

‘पाळक? मी?’ तो हसायला लागला. ‘अहो आत्याबाई, मी डेकलन! लॉर्नाचा! तीनची बस चुकली बघा माझी. गावात कुणीच कसं नाही? मला तर सगळ्यांनी घाबरवलं होतं, की उतरल्या उतरल्या धरतील म्हणून.’

त्याच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट वर जात होतं. ग्लासगो हे होतं. मग मघाशी मी ऐकलं ते काय होतं? म्हणजे ट्रकवरचा तो खरंच पाळक होता! मी डेकलनला तिथेच दारात सोडलं आणि घरातल्या चपलांवर बंदराकडे पळत सुटले. मुरगळलेल्या पायाची शुद्ध कुणाला होती?

पोरांनी त्याला हातापायांना धरून धक्क्याच्या कडेला झोके द्यायला सुरुवात केली होती. ‘एक!’ झोका. ‘दोन!’ झोका. मी जीव खाऊन ओरडले, ‘थांबा!’ ते नेमकं ‘तीन’च्या जागी बसलं. धप्पकन आवाज आला.

‘आत्या, काय वेळ साधलीस!’ डॉड म्हणाला.

‘मुडद्या, तो पाळक आहे! आपला पाळक! नवरा माझ्या दारात उभा आहे!’

डॉडचा चेहरा मी पुन्हा कधी तसा पाहिला नाही, आणि त्याची बोट खडकावर चढली तेव्हाही मी धक्क्यावरच होते. चौघेही टोप्या काढून उभे राहिले. लोखंडी शिडीवरून निनियन रँकिन एकेक पायरी चढत वर आला. कानामागे माशाचं आतडं लोंबत होतं. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. ‘माझी बॅग,’ एवढंच म्हणाला.

मी त्याला घरी आणलं. लोणी चोळून काकवी निघते, ते मला माहीत होतं. दोन पाकिटं लोणी आणि तीनदा गरम पाणी लागलं, तरी तो राखाडीच राहिला. अ‍ॅलिकचं जुनं स्वेटर त्याला दिलं, धुरावलेल्या हॅडक माशाचं सूप वाढलं. त्याच्या कोटाच्या खिशातून एक ओला लगदा निघाला. ते उद्याचं प्रवचन होतं. तो लगदा मी चुलीजवळ वाळत ठेवला, वेड्यासारखी. ‘दोन तास आधीची बस मिळाली म्हणून आलो,’ एवढंच तो म्हणाला आणि जेवत राहिला. मी मनात म्हणत होते, बाई एल्स्पेट, संपलं. हा सकाळच्या पहिल्या बसने जाणार, आणि चर्च तू तुझ्या हाताने विकलंस. पिठाच्या एका पिशवीत.

तेवढ्यात डॉड आणि त्याचे तिघे मित्र आत आले, भिंतीला चिकटून उभे राहिले. कोपऱ्यात डेकलन केक खात बसला होता आणि हसू दाबून त्याचे कान लाल झाले होते.

‘साहेब,’ डॉड म्हणाला, ‘चुकलंच आमचं. काय शिक्षा द्यायची ती द्या. बोलण्यावरून आम्हाला वाटलं, तुम्ही ग्लासगोचे.’

रँकिनने चमचा खाली ठेवला. ‘काय म्हणालास?’

‘ग्लासगोचे, साहेब.’

‘मी? ग्लासगोचा?’ तो ताडकन उठला, खुर्ची मागे पडली. ‘काकवी लावलीत, मी काही बोललो नाही. पिसं चिकटवलीत, बोललो नाही. या बाईने डोक्यावर पीठ ओतलं, समुद्रात फेकलंत, बोललो का मी? पण ग्लासगोचा? अरे, मी किल्मार्नकचा, पार वीस मैल पलीकडचा! माझा आजा किल्मार्नकचा, पणजा किल्मार्नकचा! कान आहेत की भोकं?’

‘याला ग्लासगोचा म्हणता?’ कोपऱ्यातून डेकलन उसळला. त्याच्या तोंडात केक होता. ‘अहो, हा तर गाईगुरांत वाढल्यासारखा बोलतो! ऐकू येत नाही तुम्हाला? ते ‘र’ बघा, नांगर चालल्यासारखे!’

‘नांगर परवडला! तुम्ही तर प्रत्येक वाक्य जिना चढवून सोडून देता!’

‘आणि तुम्ही सुरू केलेलं वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो!’

दोघं समोरासमोर, लाल दाढ्या थरथरताहेत. आम्ही पाच जण या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघतोय. खरं सांगते, मला अजूनही फारसा फरक कळत नव्हता. डॉडने हळूच माझ्या कानात विचारलं, ‘आत्या, दोघं एकच बोलतायत ना?’ मी त्याला चिमटा काढला.

मग रँकिन थांबला. डेकलनकडे त्याने नीट वरून खाली पाहिलं. ‘म्हणजे खरा नवरा तू,’ तो म्हणाला. ‘डॉड, काकवी उरली आहे का रे?’

‘अर्धा डबा आहे, साहेब,’ डॉड म्हणाला.

डेकलन खिडकीपर्यंतच पोचला. मागच्या अंगणात त्याला धरला, आणि काकवीची पहिली मूठ रँकिनने लावली. आणि ती काही हलक्या हाताने लावली नाही! दोन कोंबड्या शेजारणीकडे पळून गेल्या त्या तिसऱ्या दिवशी मिळाल्या. मी पातेलं बडवत होते, हसत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. राग गेला म्हणजे माणूस राहील, असं थोडंच आहे?

रविवारी अकराला चर्च भरून गेलं. तीन वर्षांत पाहिली नव्हती अशी गर्दी. निम्मे पाळकाला बघायला आले होते आणि निम्मे त्याचा रंग बघायला. क्रेगहेवनचेही चार जण मागे बसले होते, निर्लज्जासारखे. रँकिन व्यासपीठावर चढून उभा राहिला. काळा झगा, राखाडी चेहरा, आणि हातात कागद नाही.

‘प्रिय बंधुभगिनींनो,’ त्याने सुरुवात केली, त्या फोनवरच्या छापील आवाजात. ‘आज आपणासमोर उपस्थित राहताना मला जो आनंद होत आहे...’ आणि थांबला. पुढचं त्या लगद्यात होतं. तो पुन्हा म्हणाला, ‘जो आनंद...’ आणि पुन्हा थांबला. जेसीबाई पुढच्याच बाकावर होत्या, त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘अरे लेकरा, काल ट्रकवर चांगलं बोलत होतास की!’

अख्खं चर्च हसलं. तोही हसला, कानामागे खाजवलं, आणि मग बोलायला लागला. कालच्याच आवाजात. ‘बरं तर,’ म्हणाला, ‘काल तुमच्या गावात मी उतरलो आणि दोन तास ओरडत होतो की मी कोण आहे. कुणी ऐकलं नाही. मला सांगा, तुमच्यापैकी किती जण असे रोज ओरडताहेत?’ असं करत करत तो एकटेपणावर गेला, दारावर आलेल्या परक्यावर गेला, आणि समुद्रावर माणूस गेल्यावर घरात जी बाई एकटी राहते, तिच्यावर गेला. ते त्याला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. स्वेटर कुणाचं होतं ते त्याने विचारलंही नव्हतं. अवघड शब्द एक नाही. काही शब्द तर आम्हाला समजलेच नाहीत, पण कुणाचं अडलं नाही. माझ्या शेजारचा वॉटी, पंचवीस वर्षं बोट चालवलेला माणूस, बाहीने नाक पुसत होता.

मग चिठ्ठ्या पडल्या. त्रेसष्ट बाजूने, दोन विरुद्ध. ते दोघे म्हणजे स्लेटर बंधू, ते सगळ्याच्याच विरुद्ध असतात.

तो कागद घेऊन मी चर्चच्या मागच्या खोलीत गेले. मंडळीने हो म्हटलं होतं, आता त्याचं उरलं होतं. तो झगा काढून खुर्चीवर बसला होता.

‘त्रेसष्ट,’ मी म्हटलं. ‘पण तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पीठ मी ओतलं होतं.’

त्याने माझ्या हातातला कागद घेऊन वाचला. मग म्हणाला, ‘एल्स्पेटबाई, मी अठरा वर्षांचा असताना कॉलेजात गेलो. तिथे एका सरांनी सांगितलं, की या बोलीत देवाचं नाव घेऊ नकोस, लोक हसतील. मी दुसरा आवाज शिकलो. बारा वर्षं तोच वापरला. पहिलं प्रवचन केलं तेव्हा आई ऐकायला आली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, फार छान झालं हो, पण बोलत कोण होतं? त्यानंतर ती माझ्या चर्चमध्ये आली नाही.’

मी त्याच्या खांद्यावरचं एक पीस उचललं.

‘काल ट्रकवर मी बारा वर्षांनी माझ्या आवाजात ओरडलो,’ तो म्हणाला. ‘आणि आज पाच डझन लोकांनी तो आवाज बसून ऐकला. मी राहतो, बाई. फक्त एक सांगा. तुम्ही मला इथला कधी मानणार?’

खोटं बोलले असते, पण चर्चमध्ये होते. ‘कधीच नाही,’ मी म्हटलं. ‘तुमची नातवंडं झाली तर बघू.’

‘झकास,’ तो म्हणाला. ‘मग मला तुमच्यासारखं बोलायला नको. तुमच्याकडे फोन आहे ना?’

घरी आल्यावर मी सूप गरम करायला ठेवलं. तो बाहेरच्या खोलीत नंबर फिरवत होता. दार अर्धवट उघडं होतं. मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे कान कुठे ऐकतात माझं? मी पातेल्यात डाव फिरवत राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. थांबवावंसंही वाटलं नाही.

‘आई,’ तो म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात इकडे ये. या वेळी मीच बोलणार आहे.’